दहा क्वार्टर माल्ट: शेक्सपिअरच्या साठ्याचं प्रकरण

४ फेब्रुवारी १५९८ या एकाच तारखेच्या दोन नोंदी शिल्लक आहेत. पहिली इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावची. धान्य महाग झालं होतं, म्हणून कुणाच्या घरात किती साठा आहे याची यादी करण्याचा हुकूम आला होता. त्या यादीत चॅपल स्ट्रीट वॉर्डात विल्यम शेक्सपिअर या नावापुढे दहा क्वार्टर माल्ट लिहिलं आहे. दुसरी नोंद लंडनची. रोज नाटकगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याने आपल्या हिशेबवहीत ४० शिलिंग खर्ची टाकलेत. खर्च कशाचा, तर थॉमस डेकर या नाटककाराला कर्जापायी तुरुंगात टाकलं होतं, त्याला सोडवण्याचा.

दोघांचा धंदा एक, शहर एक, प्रेक्षकही तेच. एकाचं नाव साठेदारांच्या यादीत आणि दुसऱ्याचं कैद्यांच्या. हे कसं झालं, हाच या प्रकरणाचा विषय.

वाशीत आमचा नाट्यवाचनाचा एक छोटा गट आहे. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’चा पहिला प्रवेश मराठीत वाचायचा ठरला, तेव्हा या नोंदी समोर आल्या. त्या प्रवेशात रोमची भुकेली माणसं हातात दांडकी घेऊन रस्त्यावर उतरतात आणि म्हणतात, आम्ही उपाशी मरतोय आणि यांची कोठारं धान्यानं ठासून भरलीत. हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या कोठारात काय होतं, असा प्रश्न कुणीतरी विचारलाच. आमचं नशीब असं की हा प्रश्न सोडवायला लागणारी माणसं गटातच होती. एक काका एपीएमसीच्या दाणा बाजारातले निवृत्त मुनीम. दाणा बाजार मशीद बंदरला होता तेव्हापासून ते त्या धंद्यात. दुसरी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाढलेली मुलगी, आता एका बँकेत कर्जाच्या फायली तपासते. तिच्या वडिलांनी आयुष्यभर त्याच बाजारात पोती वाहिली. तिसऱ्या आमच्या बाई, इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना शेक्सपिअरविषयी वाकडं ऐकून घ्यायची सवय नाही.

आधी कागद नीट वाचू.

यादीवर सन १५९७ लिहिलेलं दिसतं. तेव्हाचं इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून आपल्या हिशेबाने ते १५९८. त्याआधी १५९४ पासून लागोपाठ चार पिकं बिघडली होती. अतिपाऊस, कुजलेलं धान्य, चढे भाव. स्ट्रॅटफर्डला तर १५९४ आणि १५९५ अशा दोन वर्षांत दोनदा मोठी आग लागून घरंच्या घरं गेली होती. राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तिच्या मंत्रिमंडळानेच म्हणा, धान्य दाबून ठेवणाऱ्यांना लांडगे आणि पाणकावळे म्हटलं होतं. अधिकाऱ्यांनी कोठारं तपासावीत, जादा माल बाजारात आणायला लावावा, असे हुकूम होते. माल्टवर विशेष डोळा होता, कारण माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, भाजलेली बार्ली. तिची बिअर होते. जी बार्ली गरिबाच्या भाकरीत जायची ती पिंपात जातेय, ही तक्रार. गोची अशी की माल्ट बनवणं हाच स्ट्रॅटफर्डचा मुख्य धंदा. गावकऱ्यांचं म्हणणं होतं की आमची घरंच या कामासाठी बांधलेली आहेत, दुसरं काय करणार?

यादीच्या अकरा दिवस आधीचं एक पत्र आहे. ॲब्रहॅम स्टर्ली या गावच्या एका कारभाऱ्याने ते लंडनला गेलेल्या रिचर्ड क्विनीला लिहिलं. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात बोलका कागद हाच. त्यात एके ठिकाणी स्टर्ली लिहितो की आपले गाववाले मिस्टर शेक्सपिअर शॉटरीच्या बाजूला थोडी जमीन घेण्यासाठी पैसे मोकळे करायला तयार दिसतात, त्यांना गाठा, दशांशाच्या, म्हणजे पिकाच्या दहाव्या हिश्श्याच्या, हक्कातही रस घ्यायला लावा. त्याच पत्रात पुढे तो लिहितो की धान्याच्या महागाईने लोक बिथरलेत, जमावाने बड्या सरदारांकडे माल्टवाल्यांची तक्रार घेऊन गेलेत. एकाने म्हटलंय, आठवड्याभरात यांच्यातल्या काहींना गळ्यात दावं घालून नेऊ. दुसऱ्याची आशा आहे की हे लोक स्वतःच्याच दारात फासावर लटकलेले दिसावेत. लिहिणारा स्टर्ली आणि वाचणारा क्विनी दोघेही माल्टच्या धंद्यात होते, हे ध्यानात ठेवायचं.

म्हणजे गावात फाशीची भाषा चालू असताना एक माणूस जमीन घेण्याइतका पैसा हातात धरून होता.

मुनीमकाकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो मापाचा. “दहा क्वार्टर म्हणजे किती गोणी?”

एका क्वार्टरचे आठ बुशेल, म्हणजे ८० बुशेल. बुशेल हे माप आकाराचं, वजनाचं नाही. पण पुढच्या काळात ब्रिटिश व्यापारात माल्टचा क्वार्टर ३३६ पौंड वजनाचा धरत, त्या हिशेबाने साधारण दीड टन होतो. ५० किलोच्या तीसेक गोण्या. काका हसले. “एवढं तर आमच्याकडे झाडून निघायचं.” त्यांचं बरोबर होतं. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने गव्हावर साठामर्यादा लावली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला ३,००० टन आणि किरकोळ दुकानाला १० टन ठेवायची मुभा होती. शेक्सपिअरचा साठा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या मर्यादेच्याही फार खाली येतो. त्याच यादीत गावच्या शाळामास्तरांच्या नावावर त्याच्यापेक्षा थोडं जास्तच माल्ट आहे.

काकांनी पुढे विचारलं, घरात खायला-प्यायला किती लागायचं? हा प्रश्न शेक्सपिअरला साठेबाज म्हणून मोकळे होणारे फारसे विचारत नाहीत. उत्तर सापडतं. विल्यम हॅरिसन नावाचा एक पाद्री त्याच काळात होऊन गेला. आपली बायको मोलकरणींच्या मदतीने महिन्यातून एकदा घरची बिअर कशी काढते, त्याचा त्याने तपशीलवार हिशेब लिहून ठेवलाय. एका खेपेला आठ बुशेल माल्ट, त्यात थोडा गहू, थोडे ओट. निघायची दोनशे गॅलन. तेव्हा जेवणासोबत पातळ बिअरच असायची, मुलांनाही. ८० भागिले ८. शेक्सपिअरच्या घरी दहा महिन्यांचा पुरवठा होता.

“मग ही बेगमी झाली,” काका म्हणाले. “साठेबाजी कुठे? आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात, तसं.”

बाईंचा चेहरा खुलला. पण मुलीने मान हलवली.

“काका, बेगमी करायलाही एकरकमी पैसे लागतात ना. आमच्याकडे महिन्याचा किराणाही वहीवर यायचा. वर्षाचे गहू भरलेले मी पहिल्यांदा मैत्रिणीच्या घरी बघितले.”

इथून चर्चा रुळावर आली. दीड टन जास्त की कमी, हा प्रश्न मला स्वतःला फार उपयोगाचा वाटत नाही. भाव पडेपर्यंत किंवा चढेपर्यंत कोण थांबू शकत होतं आणि कोण नाही, हे बघायला हवं. दक्षिण इंग्लंडात बांधकामावरच्या मजुराला दिवसाला साधारण आठ पेनी मिळत. स्वस्ताईच्या वर्षातला माल्टचा एक भाव आपल्याला शेक्सपिअरच्याच एका दाव्यातून कळतो, त्याविषयी पुढे येईलच. तो बुशेलला सुमारे दोन शिलिंग, म्हणजे २४ पेनी पडतो. मजुराची तीन दिवसांची मजुरी. या भावाने दहा क्वार्टरची किंमत जवळपास आठ पौंड होते, मजुराची २४० दिवसांची कमाई. आणि १५९८ हे तर महागाईचं वर्ष. त्या मजुराला आठवड्याचं धान्य आठवड्याला घ्यावं लागे, जो भाव असेल त्या भावाने. न्यू प्लेस या शेक्सपिअरच्या घराला पुढच्या डिसेंबरपर्यंत भावाकडे बघायचंही कारण नव्हतं.

हे घर कुठून आलं?

मे १५९७ मध्ये शेक्सपिअरने न्यू प्लेस विकत घेतलं, गावातल्या सगळ्यात मोठ्या घरांपैकी एक. खरेदीच्या कागदात ६० पौंड लिहिलेत. अशा कागदांवर खरी रक्कम लिहायची पद्धत नव्हती, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त मोजले असणार. मुंबई परिसरात घर घेतलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. त्या कागदात घराबरोबर दोन कोठारं आणि दोन बागा आहेत. कोठारं ही नोंद काकांनी दोनदा वाचायला लावली. आणि गंमत अशी, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या बिशप्सगेट भागातल्या करवसुलीच्या यादीत हाच माणूस पाच शिलिंग न भरलेला थकबाकीदार आहे. तिथे त्याची मालमत्ता पाच पौंडांची धरली होती. लंडनमध्ये भाड्याने राहणारा साधा नाटकवाला, गावाकडे कोठारांचा धनी. पुढच्या वर्षी नगरपालिकेच्या हिशेबात त्याला एक गाडाभर दगडाचे दहा पेनी दिल्याची नोंदही आहे. पडलेला दगडसुद्धा विकला.

त्याचं हे वागणं समजायला त्याच्या बापाकडे बघावं लागतं. जॉन शेक्सपिअर हातमोजे करणारा कारागीर. १५६८ मध्ये गावचा बेलिफ झाला, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष. लोकर विकायचा, व्याजाने पैसे द्यायचा. दोन्हींबद्दल त्याच्यावर खटले झाले. मग १५७६ नंतर सगळं घसरलं. १५७८ मध्ये त्याने बायकोच्या माहेरची विल्मकोटची जमीन साडूकडे ४० पौंडांना गहाण टाकली आणि ती पुन्हा कधीच सुटली नाही. मुलाच्या नावासह पुढे दावे चालले, तेही फुकट गेले. १५९२ च्या एका यादीत चर्चला न येणाऱ्यांमध्ये बापाचं नाव आहे आणि कारण दिलंय, कर्जवसुलीचे समन्स बजावले जातील म्हणून. विल्यम तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

बँकेतल्या मुलीने ही सगळी फाईल एका वाक्यात निकालात काढली. “सर, या माणसाने आयुष्यात कर्ज घेतलेलं कुठे दिसतंय का? दिलेलं दिसतं, मागितलेलं दिसतं. घेतलेलं नाही.” जवळपास नाहीच: १६१३ मध्ये लंडनला एक घर घेताना ६० पौंड गहाणावर ठेवले, तेवढंच. उलट ऑक्टोबर १५९८ मध्ये तोच क्विनी लंडनच्या एका सराईतून त्याला ३० पौंडांची मागणी करणारं पत्र लिहितो. आग आणि दुष्काळाने पोळलेल्या गावाला करात सूट मिळावी म्हणून तो लंडनला खेटे घालत होता आणि खर्चाला पैसे संपले होते. पत्र क्विनीच्याच कागदांत राहिलं, बहुधा पोचवलंच गेलं नाही. शेक्सपिअरला लिहिलेलं जे एकमेव पत्र आज हाती आहे, त्यात कवितेचा शब्द नाही, उसने पैसे आहेत.

आता डेकरकडे वळू, कारण त्याच्याशिवाय शेक्सपिअरचा पैसा कळत नाही.

हेन्स्लोची वही म्हणजे रोजमेळच. नाटकवाल्यांना दिलेले आगाऊ पैसे, कपड्यांचा खर्च, तिकिटाची आवक, सगळं त्यात. तिच्यावरून दिसतं की नाटक लिहिणाऱ्याला एका पूर्ण नाटकाचे साधारण सहा पौंड मिळायचे. अनेकदा तीन-चार जण मिळून एक नाटक पाडायचे आणि तेवढेच पैसे वाटून घ्यायचे. पैसे दिले की नाटक कंपनीचं. नंतर ते दहा वेळा होवो की शंभर, लिहिणाऱ्याचा संबंध संपला. डेकरने १५९८ या एका वर्षात डझनाहून जास्त नाटकांत हात घातला. कामचुकार नव्हता तो. पण त्याला नाटक पुरं व्हायच्या आधीच पैसे लागायचे, आणि आगाऊ घेतलेला पैसा फेडायला पुढचं नाटक. ४ फेब्रुवारीला काउंटर या तुरुंगातून सुटला. पुढच्या जानेवारीत पुन्हा अटक, आणि या वेळी हेन्स्लोने साडेतीन पौंड भरून त्याला सोडवलं. ही दुसरी अटक करवली होती ती लॉर्ड चेंबरलेन्स मेन या कंपनीने. म्हणजे शेक्सपिअरच्या कंपनीने.

हे वाचून बाई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “कंपनीने केलं. त्याने केलं असं कुठे लिहिलंय?” बरोबर आहे. पण त्या कंपनीचे भागीदार मोजके होते आणि त्यातला एक तो होता.

या प्रकरणाचा सांधा मला इथे दिसतो. शेक्सपिअरला नाटक लिहिण्याचे पैसे डेकरच्या कितीतरी पट मिळत असावेत असं आपल्याला वाटतं. तसं दाखवणारी नोंद नाही. १५९४ मध्ये कंपनी उभी राहिली तेव्हापासून तो तिच्यात भागीदार होता. त्या डिसेंबरात राणीपुढे झालेल्या प्रयोगांचे वीस पौंड मार्च १५९५ मध्ये मिळाले, तेव्हा पावतीवर कंपनीतले नट केंप आणि बर्बेज यांच्याबरोबर त्याचं नाव आहे. उभं राहून बघणाऱ्याची एक पेनी, सज्जात बसणाऱ्याच्या जादा पेन्या, त्यातून पगारी नटांचे आणि पोरांचे पैसे आणि खर्च वजा जाता उरेल ते भागीदारांत. नाटक चाललं की प्रत्येक प्रयोगाला वाटा. एकाच नाटकावर वर्षानुवर्षं.

पुढची पायरी १५९९ ची. बर्बेज कुटुंबाच्या जुन्या नाटकगृहाच्या जागेचा भाडेपट्टा संपला होता. बापाने ब्लॅकफ्रायर्समध्ये ६०० पौंड घालून जागा घेतली, पण शेजाऱ्यांनी अर्ज करून तिथे नाटक होऊ दिलं नाही, आणि त्यातच बाप वारला. पोरांचे पैसे अडकले. तेव्हा त्यांनी जुन्या नाटकगृहाची लाकडं उतरवून थेम्सच्या पलीकडे नेली आणि नवं ग्लोब उभं करायला पाच नटांना मालकीत घेतलं. निम्मा हिस्सा बर्बेज भावांचा, उरलेला पाचांत, प्रत्येकी एक दशांश. शेक्सपिअर त्यातला एक. दुसऱ्याची रोकड अडली होती आणि याच्याकडे ती होती, कारण महागाईच्या चार वर्षांत याला काही विकावं लागलं नव्हतं.

“पैसा मालात नसतो,” मुनीमकाका म्हणाले, “थांबण्यात असतो. माझ्या शेठजींचं हे म्हणणं. आठ दिवस थांबता येणारा व्यापारी आणि न येणारा शेतकरी, भाव तिथेच ठरतो.” काका हे कौतुकाने सांगत होते की खंत म्हणून, ते मला कळलं नाही.

भागीदारीची ही रीत मराठी रंगभूमीला नवी नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि भागीदारीत गंधर्व मंडळी काढली. त्या काळातला आपला सगळ्यात गाजलेला नाटककार, ज्याच्या नावाचं रंगायतन ठाण्यात मासुंदा तलावाकाठी उभं आहे, तो मात्र किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकवायला लागला होता आणि १९१९ च्या जानेवारीत चौतिशीही न गाठता गेला. त्याचं सर्वांत लोकप्रिय नाटक त्याच वर्षी, तो गेल्यावर, गंधर्व मंडळीने रंगमंचावर आणलं. गडकऱ्यांना मराठीचा शेक्सपिअर म्हणतात. शब्दांच्या श्रीमंतीत असेल. हिशेबाच्या वहीत ते डेकरच्या जास्त जवळ बसतात. अर्थात वाटा म्हणजे नुसता नफा नव्हे. कंपनी कर्जात बुडाली तेव्हा ते कर्ज बालगंधर्वांनी अंगावर घेतलं, आणि १६१३ मध्ये ग्लोब जळून खाक झालं तेव्हा ते पुन्हा बांधायचा बोजा मालकांवरच पडला.

१५९८ नंतरचा शेक्सपिअर पैशाच्या बाबतीत सरळ रेषेत चालतो. १६०२ मध्ये जुन्या स्ट्रॅटफर्डात १०७ एकर जमीन, ३२० पौंडांना. १६०५ मध्ये दशांशाच्या हक्काचा अर्धा वाटा, ४४० पौंड, त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. स्टर्लीने सुचवलेलं सात वर्षांनी त्याने केलं. दशांश म्हणजे पूर्वी चर्चकडे जाणारा पिकाचा दहावा हिस्सा. आता धान्य आणि गवताचा तो हिस्सा काही शिवारांतून खासगी मालकाकडे यायचा, वर्षाला ६० पौंडांच्या घरात. त्यातून नगरपालिकेचा खंड वगैरे जायचा. माल्ट विकत घेणं वेगळं. इथे पीक कमी येवो की जास्त, आलेल्यातला दहावा भाग याचा.

मधल्या काळात १६०४ चा तो दावा. फिलिप रॉजर्स नावाच्या औषधविक्या शेजाऱ्याने मार्च ते मे या काळात थोडं थोडं करून २० बुशेल माल्ट घेतलं, किंमत १ पौंड १९ शिलिंग १० पेनी. वर दोन शिलिंग उसने. सहा शिलिंग फेडले आणि थकला. शेक्सपिअरने ३५ शिलिंग १० पेनींसाठी त्याच्यावर फिर्याद केली आणि नुकसानभरपाईचे दहा शिलिंग वेगळे मागितले. हे वर्ष ‘ऑथेल्लो’ राजदरबारात झाल्याचं.

या दाव्याने बेगमीवाल्या युक्तिवादाला भोक पडतं, हे काकांनीच कबूल केलं. घरचं पिऊन उरेल एवढं त्या घरात होतं आणि ते विकलं जात होतं. शिवाय मार्च ते मे हे महिने बघा. सुगीपासून सगळ्यात लांबचे, घराघरातलं धान्य संपत आलेले. “आपल्याकडे पाऊस पडण्याआधीचा महिना असतो तसे,” ते म्हणाले. विकणाऱ्याचे महिने. हा व्यवहार प्रत्यक्षात कुणी पाहिला असेल? नवरा लंडनला, तेव्हा माल्ट मोजून देणारी, बाकी लक्षात ठेवणारी बहुधा ॲन असणार. यादीत तिचं नाव नाही, दाव्यातही नाही. बाईंना हा मुद्दा महत्त्वाचा वाटला आणि मलाही वाटतो, पण कागद इथे साथ देत नाहीत.

मग १६०७. इंग्लंडच्या मधल्या परगण्यांत, शेक्सपिअरच्या वॉरिकशायरसकट, शेतकऱ्यांनी उठाव केला. जमीनदार सामायिक गायरानं कुंपणं घालून मेंढ्यांसाठी बळकावत होते. लोकांनी कुंपणं उपटली, चर बुजवले. नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या न्यूटनला जमीनदारांच्या फौजेने त्यांना कापून काढलं. ‘कोरिओलेनस’ त्यानंतर लगेचचं. ज्या प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराकडून त्याने कथा घेतली, त्याच्याकडे लोकांचं पहिलं बंड सावकारीविरुद्ध आहे, धान्याचं नंतर येतं. शेक्सपिअरने धान्य पुढे आणून पहिल्याच ओळींत ठेवलं, आणि सावकारांच्या सोयीचे कायदे त्याच दमात जोडले. त्याचा पहिला नागरिक पुढच्या गोष्टीतल्या पोटाला पाणकावळ्याचं पोट म्हणतो, प्रिव्ही कौन्सिलच्या त्याच पक्ष्याची आठवण यावी असं. उमराव मेनेनियस त्यांना पोट आणि अवयवांची गोष्ट ऐकवतो: पोट बसून खातं असं वाटतं, पण तेच सगळ्यांना पुरवतं. गोष्ट चतुर आहे. पण शेक्सपिअरने त्या नागरिकाच्या तोंडी इतके टोकदार प्रश्न घातलेत की मेनेनियसला मधूनमधून त्याला गप्प करावं लागतं.

आमच्या वाचनात हा नागरिक मुलीने वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, “हे लिहिणाऱ्याला आतलं माहीत होतं. बाहेरच्याला एवढं नेमकं येत नाही.” बाईंना यात आरोप वाटला. मला ती दाद वाटली, थोडी कडू असली तरी. माथाडींच्या १९६९ च्या कायद्याआधीचे दिवस तिच्या आजोबांनी पाहिलेले. साताऱ्याकडून आलेला माणूस, रात्री फूटपाथवर, दिवसा वखारीत, मजुरी मुकादम देईल ती. धान्याच्या थप्पीजवळ उपाशी उभं राहणं तिच्या घरात ऐकीव गोष्ट नाही.

आता निकालाचं बोलू. शेक्सपिअर साठेबाज होता का? १५९८ च्या कागदावरून माझं मत, नाही. दहा क्वार्टर हे एका मोठ्या घराचं माल्ट आहे. त्या यादीतले बरेच शेजारी त्याच माळेचे, आणि त्याचा माल जप्त केल्याचं वा त्याला दंड झाल्याचं कुठे नाही. पण तेवढ्यावर त्याला सोडून द्यायला मी तयार नाही. त्याने रंगभूमीवर मिळवलेला पैसा त्याच गोष्टींत गुंतवला ज्यांच्यावरून गरीब दंगे करत होते: आधी माल्ट, मग जमीन, मग पिकाचा दहावा हिस्सा. हे त्याने भोळेपणाने केलं असंही म्हणता येत नाही, कारण दंगा करणाऱ्याची बाजू त्याच्या इतकी नीट त्या काळात कुणी मांडली नाही. बाईंचं म्हणणं वेगळं. घसरलेल्या बापाचा मुलगा, अकरा वर्षांचा एकुलता मुलगा १५९६ मध्ये गमावलेला बाप, दोन मुली. त्याने पायाखाली जमीन शोधली तर त्यात काय चुकलं? मुनीमकाका त्यांच्या बाजूने झुकले, मुलगी झुकली नाही.

प्रकरणाचा शेवटचा कागद १६१४-१५ चा आहे. वेल्कमच्या शिवाराला कुंपण घालायचा घाट कूम कुटुंबाने घातला. याच शिवारातल्या पिकाचा दशांश शेक्सपिअरकडे होता. नगरपालिका विरोधात उभी राहिली. गरिबांची चराई आणि काम दोन्ही जाणार होतं. शेक्सपिअरने ऑक्टोबर १६१४ मध्ये कुंपणवाल्यांच्या माणसाशी करार करून घेतला की यात आपल्या दशांशाचं जे नुकसान होईल ते त्यांनी भरून द्यायचं. नगरपालिकेचा कारकून थॉमस ग्रीन, जो त्याचा नातलग म्हणवायचा आणि न्यू प्लेसमध्ये राहूनही गेला होता, त्याने त्याची गाठ घेतली, पालिकेकडून त्याला पत्रही गेलं. शेक्सपिअर विरोधात उभा राहिल्याची नोंद नाही. जानेवारीत स्ट्रॅटफर्ड आणि बिशप्टनच्या बाया-मुलांनी येऊन खणलेले चर बुजवून टाकले. मार्चमध्ये वॉरिकच्या कोर्टात मुख्य न्यायाधीश कोक यांनी कुंपणाला मनाई केली. त्यानंतर वर्षाने शेक्सपिअर गेला. मृत्युपत्रात गावच्या गरिबांना दहा पौंड आहेत. दोन वर्षं आधी वारलेल्या जॉन कूम या सावकाराने त्यांना वीस दिले होते, आणि पाच पौंड शेक्सपिअरला.